तिसरा श्वास

आमच्या घरात दोन बायका राहतात, मी आणि माझ्या सासूबाई. पण भिंतीवरच्या नाकाचं म्हणणं होतं की घरात तीन माणसं आहेत, आणि तिसरा पुरुष आहे.

नाक म्हणजे हवा तपासणारा डबा. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, पण आमच्या मिरजेत सगळे त्याला नाकच म्हणतात, कारण लोकांच्या घरात खुपसण्याचं काम ते इमानेइतबारे करतं. दोन वर्षांपूर्वी तो ताप आला, गल्लोगल्ली माणसं घेऊन गेला, आणि त्यानंतर प्रत्येक फ्लॅटमध्ये हा डबा लावणं सक्तीचं झालं. पुन्हा कुठे विषाणू उगवला तर माणूस खोकायला लागण्याआधी कळावं, एवढाच त्याचा हेतू. डबा दिवसभर खोलीतली हवा ओढतो, तिच्यातले बारीक थेंब गोठवतो, त्यांत कोणाकोणाचं काय आहे ते वाचतो आणि सकाळी मोबाइलवर चिठ्ठी पाठवतो. त्याची जाळी महिन्याला बदलावी लागते आणि ती डब्यापेक्षा महाग पडते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

विषाणू शोधायचा तर हवेत माणसांचं जे काही तरंगत असतं ते आधी बाजूला काढावं लागतं. म्हणून घरातल्या प्रत्येकानं लाळ देऊन आपली नोंद करायची. आम्ही दोघींनी केली. नोंद नसलेलं कोणी येऊन गेलं की चिठ्ठीत येतं, 'पाहुणा, एक'. आमच्याकडे डबा लागला त्या दिवसापासून हा पाहुणा रोज होता. माझं शिवणकेंद्र आहे, दिवाळीआधीच्या ब्लाउजांनी मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, मी लक्षच दिलं नाही. मग एका सकाळी चिठ्ठी बदलली. डब्यानं आपण होऊन पाहुण्याचा ठावठिकाणा काढला होता.

'यशोधन श्रीकांत घैसास. नीलिमा घैसास यांचा मुलगा. अंदाजे वय त्रेचाळीस. संसर्ग नाही.'

नीलिमा म्हणजे माझ्या सासूबाई, आणि यशोधन माझा नवरा. हिमालयातल्या एका बोगद्याच्या कामावर तो इंजिनियर होता. बारा वर्षांपूर्वी वर डोंगरातलं बर्फाचं तळं फुटलं, पाणी दगडगोटे घेऊन खाली आलं, आणि त्या पाळीतलं एकही माणूस सापडलं नाही. त्या वेळी मृतदेह ओळखता यावेत म्हणून त्याच्या दाढीच्या सामानावरून नमुना घेतला होता. देह मिळाला नाही, पण नमुना सरकारी साठ्यात पडून राहिला, आणि डब्यानं तिथूनच नाव उचललं होतं. तो गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

तीच चिठ्ठी आईंनाही गेली होती. माझ्या सासूबाई म्हणजे जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली बाई. सत्तरीतही पाठ ताठ, आवाज खणखणीत, आणि रडणाऱ्या माणसाला आधी पाणी पाजून मग चार शब्द सुनावणार. मी बाहेर आले तर त्या गॅलरीत मोबाइल हातात धरून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटतच होतं." मी चहा टाकला आणि दोन कपांऐवजी तीन काढले, मग एक घाईघाईनं परत ठेवून दिला.

ही चिठ्ठी भलत्या वेळी आली होती. कार्तिकात यशोधनचा पालाशविधी ठरला होता. ज्याचा देह मिळाला नाही आणि बारा वर्षं ज्याची काही वार्ता नाही, त्याचा पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. कोर्टाचा कागद माझ्याकडे केव्हाच आला होता, कायद्याच्या दृष्टीनं मी विधवा होते. पण आई म्हणाल्या होत्या, बारा वर्षं थांब, त्याला रीतसर निरोप देऊ, मग तू निनादशी लग्न कर आणि मी स्वतः अक्षता टाकीन. निनाद आवटी इचलकरंजीचा, माझ्या केंद्राला कापड पुरवतो. मिश्किल माणूस, मनानं चांगला, आणि थांबून थांबून कंटाळलेला. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं, यात लपवण्यासारखं काय आहे? पण ज्या बाईनं मला मुलीसारखं सांभाळलं तिच्या मुलाला वाऱ्यावर सोडून मला बोहल्यावर चढायचं नव्हतं. म्हणून मी थांबले होते.

आता थोडं विज्ञान सांगायला हवं, नाहीतर आम्हा दोघींच्या डोक्यावर परिणाम झाला होता असंच वाटेल. हे सगळं मला नंतर समजलं, तेही शिवणकामाच्या भाषेत. आमच्या केंद्रात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचं जाड कागदाचं कटिंग खिळ्याला टांगलेलं असतं. कपडा शिवायचा झाला की त्या कागदावरून कापडावर खडूनं खुणा करायच्या आणि मग कात्री लावायची. पेशीतला डीएनए हा तो कागद. दोन पदरांची पिळदार शिडी, एक पदर दुसऱ्याला धरून, पेशीच्या मधल्या खोलीत जपून ठेवलेली. पेशीला एखादं प्रथिन करायचं असलं की शिडीचा तेवढाच तुकडा उलगडतो आणि त्याची एकपदरी नक्कल निघते. तो आरएनए. नक्कल बाहेर येते, तिच्यावरच्या अक्षरांच्या क्रमानं प्रथिनाचे मणी ओवले जातात, आणि काम झालं की नक्कल मोडून टाकली जाते. डोळ्याच्या आणि फुप्फुसाच्या पेशीत कागद एकच असतो, खुणा मात्र वेगळ्या.

आता यातली मेख अशी. आरएनएच्या कण्यातल्या साखरेत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो, आणि तेवढ्यानं तो ठिसूळ होतो. शिवाय त्याला कुरतडणारी रसायनं आपल्या घामात, कातडीवर, धुळीत, सगळीकडे असतात. डीएनए हाडांत हजारो वर्षं टिकतो, पण हवेत आलेला आरएनए काही तासांत संपतो. गिऱ्हाईक वारलं तरी त्याचं कटिंग खिळ्याला लटकत राहतंच. कापडावर खडूची ताजी खूण दिसली तर मात्र कोणीतरी आत्ता, इथेच, कपडा बेततं आहे.

नाकाला नुसता डीएनए सापडला असता तर मी म्हटलं असतं, त्याच्या जुन्या स्वेटरची धूळ. पण त्याला रोज यशोधनचा ताजा आरएनए सापडत होता. वयाचंही तेच. वर्षं जातात तशा डीएनएवर ठरावीक जागी बारीक रासायनिक टाचण्या लागत जातात, त्यांवरून वय कळतं. यशोधनच्या टाचण्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. मेलेली माणसं वयानं वाढत नाहीत. हे लक्षात आलं तेव्हा मी मशीनवर बसले होते, आणि पाय पायट्यावरून आपोआप निघाला.

आम्ही घर शोधलं. हसू नका, तुम्हीही शोधलं असतं. पोटमाळे, पलंगाखालची जागा, गच्चीवरची पाण्याच्या टाकीमागची अडचण, सगळं. जिन्यातला कॅमेरा पाहिला तर त्यात आम्ही दोघी आणि दूधवाला. नाकाच्या चिठ्ठ्या सोसायटीच्या कार्यालयातही जातात, त्यामुळे दोन दिवसांत बोभाटा झाला. अर्ध्या सोसायटीचं मत पडलं की शर्वरीनं, म्हणजे मी, घरात कोणीतरी ठेवलाय आणि डबा अब्रू राखायला नवऱ्याचं नाव सांगतोय. उरलेल्या अर्ध्या, समोरच्या उपळेकर वहिनींसारख्या, देव तारी त्याला कोण मारी असं म्हणत दारातून आत डोकावून जायच्या.

डबा भिंतीवरून काढता येतो. मी तो खोल्याखोल्यांतून फिरवायला लागले. आईंच्या खोलीत यशोधन असायचा. स्वयंपाकघरात आई असल्या की असायचा. माझ्या खोलीत तो कधीच आला नाही. एकदा आई कोल्हापूरला बहिणीकडे राहायला गेल्या, तेव्हा चिठ्ठीत एकच माणूस होतं, मी. त्या परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग तोही आला.

भीती मला तोवर होतीच, पण त्या दिवशी तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलं. मला राग आला. ज्या माणसाच्या आठवणीत मी ऐन उमेदीची वर्षं घालवली, तो परत आला तर फक्त आईसाठी आला होता. तिच्याबरोबर कोल्हापूरला जातो, पण माझ्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. हे मी कोणाला सांगणार? भुताचा मत्सर करणारी बायको म्हणून लोकांनी हसं केलं असतं.

आई मात्र बदलल्या. स्वयंपाकाची त्यांना कधी आवड नव्हती, पण त्या शेंगोळे करायला लागल्या, कारण ते यशोधनला आवडायचे. दोन वर्षांपूर्वी त्या तापातून उठल्यापासून त्या रोज सकाळी फुप्फुसाचे व्यायाम करत, ते पूर्वी मुकाट्यानं करायच्या. आता खोलीचं दार लावून घेत आणि आतून त्यांचा शाळेतला आवाज यायचा, पण हळू. "सावकाश. घे. थांब. आता सोड." कोणाला तरी शिकवल्यासारखा. मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत उभी राहायची आणि आतून दुसरं काही ऐकू येतं का ते ऐकायची. मला ऐकू यायला हवं होतं की नको होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग त्यांनी पालाशविधी रद्द केला. गुरुजींना घरी बोलावलं आणि सरळ विचारलं की जिवंत माणसाचा पुतळा जाळला तर काय होतं. गुरुजी तरुण आहेत, स्कूटरवरून येतात, पण शास्त्राला पक्के. ते म्हणाले, तशी वेळ येऊ नये, पण आली आणि तो माणूस परत आला, तर तो नव्यानं जन्मला असं मानून जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावे लागतात. लग्नसुद्धा. तोवर तो जन्मलेलाच नाही. आई ऐकत होत्या आणि त्यांचा एक हात छातीवर होता. गुरुजी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मी यंत्रावर विश्वास ठेवू की नको ते मला कळत नाही. पण त्यांच्या मनात शंका असताना मी समिधा पेटवणार नाही."

निनादला मी सांगलीच्या एका हॉटेलात भेटून सांगितलं. त्यानं चमचा कपातून काढून बशीत ठेवला. नेहमी काहीतरी कोटी करणारा माणूस, त्या दिवशी त्याला एकही सुचली नाही. म्हणाला, "नवरा असता तर मी त्याच्याशी बोललो असतो. आठवण असती तर तिच्याशी जमवून घेतलं असतं. पण हा कोण आहे, शर्वरी? आणि तुला तो आहे असं वाटतंय का?" तो रागावला नाही, त्यानं मला स्टँडपर्यंत सोडलं, पण तुमच्या घरी आता मी येणार नाही म्हणाला. बसमध्ये मला स्पष्ट दिसलं की हे असंच चाललं तर मी त्याला गमावणार आहे.

म्हणून मी आरोग्य प्रयोगशाळेत तक्रार केली. तिथून डॉ. निलोफर बारगीर आल्या. तिशीची मुलगी, मिरजेचीच, आईंची एका काळची विद्यार्थिनी निघाली, त्यामुळे दारातच चपला सरळ लावून आत आली. डबा बिघडलाय हे सिद्ध करायला ती आली होती. तिनं सगळे निकाल लॅपटॉपवर उघडले आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

ती म्हणाली की माणूस खोलीत वावरतो तेव्हा त्याच्या ओठांच्या, जिभेच्या, घशाच्या, नाकाच्या, कातडीच्या पेशी हवेत येतात, आणि आरएनएवरून कोणती पेशी कुठली ते ओळखता येतं. आम्हा दोघींचं सगळं तसंच होतं. "याच्या फक्त फुप्फुसाच्या आहेत. अगदी खोलच्या," ती म्हणाली. "बाकी काहीच नाही. या माणसाला तोंड नाही, बाई. कातडीही नाही."

खाली कोणीतरी रिक्षा सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. निलोफरनं पिशवीतून दोन नळ्या काढल्या आणि आम्हाला एकेक देऊन त्यांत फुंकायला सांगितलं. हवेला मध्ये येऊ द्यायचं नव्हतं तिला. माझ्या नळीत एक माणूस निघालं. आईंची नळी तिनं दोनदा तपासली, मग नवी नळी देऊन पुन्हा फुंकायला लावलं.

आईंच्या एका श्वासात दोन माणसं होती.

आई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. निलोफर त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, विद्यार्थिनी बसते तशी, आणि तिनं जे सांगितलं ते मी जसं कळलं तसं लिहिते. मूल पोटात असतं तेव्हा नाळेला जोडलेली वार दोघांची रक्तं वेगळी ठेवते, पण ती चाळणी पक्की नसते. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. त्या परक्या असतात, निम्म्या बापाच्या असतात, तरी आईचं शरीर त्यांना हाकलत नाही. बाळ जन्मतं, मोठं होतं, निघून जातं, पण त्या पेशी आईच्या हाडांच्या पोकळीत, काळजात, मेंदूतसुद्धा राहतात, जन्मभर. बहुतेक बायकांमध्ये त्या इतक्या थोड्या असतात की कुठल्या डब्याला सापडू नयेत. पण जखम झाली की त्या तिथे धावतात आणि जखमेच्या जागी हवी तशी पेशी होतात, असं पुष्कळांना वाटत आलंय. "तापात तुमचं फुप्फुस किती गेलं होतं, बाई?" तिनं विचारलं. मला आठवत होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तयारी ठेवा म्हणून सांगितलं होतं. आणि मग कोणालाही कारण न कळता आई बऱ्या झाल्या होत्या.

त्यांच्या फुप्फुसाचा गेलेला भाग यशोधननं भरून काढला होता. तो तिथे तेव्हापासून काम करत होता, आरएनएच्या नकला काढत होता, प्रथिनं ओवत होता, हवा आत घेत होता. त्या पेशी आईंच्या पोटात त्याच्याबरोबरच सुरू झाल्या होत्या, म्हणून त्यांचं वयही त्याचंच होतं. तो हिमालयात गेला तेव्हा त्या मिरजेत राहिल्या होत्या, एवढाच फरक.

आईंनी एकच प्रश्न विचारला. "त्याला कळतं का?"

"नाही बाई," निलोफर म्हणाली. "पेशीला आपण कोणाची ते माहीत नसतं. ती फक्त समोरचं काम करते."

"तोही तसाच होता," आई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मला वाटलं होतं, सत्य कळलं की भीती जाईल. भूत नव्हतं, चला, सुटले. पण खरं सांगते, भुताची सवय झाली असती. हे त्याहून जवळचं होतं. आई जेवताना ठसकल्या की माझा घास हातात राहायचा. त्या माझ्याशी बोलायच्या आणि त्यांच्या तोंडून येणारी वाफ माझ्या गालाला लागायची, आणि मी मागे सरायची, आणि मग सरल्याची लाज वाटून पुढे व्हायची. जिन्यावर त्यांना धाप लागली तेव्हा मी त्यांच्या छातीच्या वरखाली होण्याकडे बघत राहिले आणि त्यांनी ते पाहिलं. यशोधनचा श्वास मला ओळखीचा होता, त्याच्या कुशीत मी तीन वर्षं झोपले होते. आता तो सासूच्या छातीत शोधायचा म्हणजे काय, हे कुठल्या नात्यात बसतं ते मला कळेना.

विधीबद्दल त्या काही बोलत नव्हत्या. कार्तिक उजाडला. निनादचा एकदाच निरोप आला, तो मांजरपाटाच्या ताग्यांबद्दल होता आणि शेवटी 'तू बरी आहेस ना' एवढं होतं. आता विधी होणार नाही हे मी मनाशी धरून चालले होते. जो मुलगा आपल्या छातीत श्वास घेतोय त्याचा पुतळा कोणती आई पेटवेल? आणि त्याचा पुतळा पेटल्याशिवाय मी या घरातून कशी निघू?

एका दुपारी आई जेवून आडव्या झाल्या होत्या. मी औषध द्यायला गेले तर त्यांना डोळा लागला होता. मी पलंगाशेजारी खाली बसले. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. मी जवळ वाकले, आणखी जवळ, त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येईल एवढी, आणि तो मी आत घेतला. मला स्वतःची किळस आली नाही. मला फक्त रडू आलं.

मग मी त्याच्याशी बोलले. त्याला कान नाहीत, तोंड नाही, हे मला कोणी पुन्हा सांगायची गरज नव्हती. तरी बोलले. म्हटलं, यशोधन, तुझा मला राग आहे. सुट्टी घेऊन येतो म्हणालास आणि आला नाहीस. पाणी आलं तेव्हा तुला कळलं होतं का, थंड होतं का, मला एवढंही माहीत नाही. आईंना वाचवलंस ते बरं केलंस, तुझ्याशिवाय ते कोणाला जमलं नसतं. पण मी चाळीस वर्षांची आहे आणि मला घर हवंय, ज्यात माझ्याकडे बघून हसणारं माणूस असेल. तू असा निम्मा राहिलास तर मी पुरती जाऊ कशी? मला जाऊ दे. किंवा थांब म्हण, पण काहीतरी म्हण.

श्वास येत होता, जात होता. मग तो मध्येच थांबला, आणि आई डोळे न उघडता बोलल्या.

"त्याला ऐकू येत नाही, शर्वरी. डॉक्टर म्हणाली ना."

त्यांनी हात पुढे केला, चाचपून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. हात जड होता आणि उबदार.

"मला ऐकू येतं पण," त्या म्हणाल्या. "पळसाचा पुतळा करायचा नाही. मी गुरुजींशी परवाच बोलले. नारळाचं डोकं कशाला जाळायचं? त्याचं या जगात जेवढं उरलंय तेवढं माझ्यात आहे. मला अग्नी द्याल तेव्हा तो त्यालाही लागेल. त्या दिवशी दोघांची नावं घ्यायची, मायलेकांची. गुरुजी म्हणाले, शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, पण घेईन."

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर मी त्याला सांभाळते. एकदा सांभाळलाय, मला सवय आहे." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. "नीट ऐक. माझा मुलगा आहे. पण तुझा नवरा गेला, बाळा. बारा वर्षांपूर्वी गेला. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, मला धीर झाला नाही. आता निनादला फोन कर. माझ्यासमोर कर."

मी फोन लावला. तिकडे घंटा वाजत होती. आई उठून बसल्या, उशीला पाठ टेकवली, शाळेत मुलींना शिकवायच्या तसा सावकाश, खोल श्वास छाती भरून आत घेतला, आणि निनादनं फोन उचलून दोनदा हॅलो म्हटलं तरी त्यांनी तो सोडला नाही.